सौर वादळं आणि अरोरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: आपल्याला काही धोका आहे का, आणि आज रात्री अरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात झळकणारा रंगीत प्रकाश, दिसेल का? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारं असतं. दुसऱ्याचं उत्तर वादळ किती मोठं आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेचं चुंबकत्व घेऊन येतंय यावर जास्त अवलंबून असतं, आणि बातम्यांत नेमका हाच भाग गाळला जातो. खालच्या बऱ्याच उत्तरांत ही दिशा पुन्हा पुन्हा येईल.

सौर वादळ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे सौर ज्वाला. सूर्यावरच्या डागांभोवती चुंबकीय रेषांना पीळ पडत जातो. तो असह्य झाला की रेषा तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते. हा मुख्यतः क्ष-किरणांचा आणि अतिनील किरणांचा लोळ असतो. तो प्रकाशाच्याच वेगाने येतो, म्हणजे सुमारे 8 मिनिटं 20 सेकंदांत. ज्वाला पेटल्याचं आपल्याला कळतं त्याच क्षणी ती आपल्यापर्यंत पोचलेलीही असते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, म्हणजेच सीएमई. यात सूर्याच्या प्रभामंडळातला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातला, अब्जावधी टन प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन अवकाशात फेकला जातो. त्याचा वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरपासून जवळपास तीन हजार किलोमीटरपर्यंत असतो. अतिवेगवान सीएमई पंधरा-अठरा तासांत पृथ्वी गाठते, सावकाश येणारीला तीन-चार दिवस लागतात.

तिसरी गोष्ट घडते आपल्याकडे. सीएमई पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळते आणि ते कवच हेलकावे खातं. हे भूचुंबकीय वादळ, आणि अरोराचा संबंध आहे तो याच्याशी. ज्वाला कितीही मोठी असली तरी तिच्या नुसत्या प्रकाशाने अरोरा उजळत नाही.

सूर्यावर स्फोट झाला म्हणजे वादळ पृथ्वीवर येणारच ना?

नाही. सूर्य गोल आहे आणि स्फोट कोणत्याही बाजूला होऊ शकतो. 23 जुलै 2012 रोजी एक प्रचंड वेगवान सीएमई निघाली आणि पृथ्वीची कक्षा ओलांडून गेली, पण तेव्हा पृथ्वी त्या जागी नव्हती. स्टिरिओ-ए हे यान मात्र नेमकं तिच्या वाटेत होतं, म्हणून आपल्याला तिची मोजमापं मिळाली.

उलटंही होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये 12192 क्रमांकाचा डागांचा समूह सूर्यावर आला. चोवीस वर्षांतला तो सर्वांत मोठा समूह होता. पृथ्वीकडे तोंड करून त्याने एकामागून एक सहा एक्स-वर्गी, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गातल्या, ज्वाला सोडल्या, पण त्यांच्याबरोबर दखल घेण्याजोगी सीएमई एकही नव्हती. म्हणून ‘एक्स-वर्गी ज्वाला’ हे शब्द दिसले की लगेच सामान बांधू नका. सीएमई निघाली का, आणि निघाली असेल तर तिचा रोख कुठे आहे, हे कळायला सौरनिरीक्षक यानांची चित्रं यावी लागतात.

सीएमई पृथ्वीवर येऊन आदळली, तरी अरोरा दिसला नाही. असं का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण सगळ्या गोष्टीची गोम इथेच आहे.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या बाजूने सौर वाऱ्याला, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या कणांच्या प्रवाहाला, सामोरं जातं, तिथे त्याची दिशा उत्तरेकडे असते. सीएमईसोबत आलेल्या क्षेत्राची दिशाही उत्तरेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना ढकलतात आणि बहुतेक प्लाझ्मा कवचाला वळसा घालून निघून जातो. दार बंदच राहतं. पण येणारं क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर दोन्हीकडच्या रेषा एकमेकींत मिसळतात, कवच सोललं जातं आणि ऊर्जा आत ओतली जाते. या उत्तर-दक्षिण घटकाला ‘बीझेड’ म्हणतात. त्याचं मूल्य उणे असेल तर क्षेत्र दक्षिणेकडे आहे, आणि ते बराच वेळ तसंच राहिलं तर आकाश पेटण्याची आशा धरावी.

अडचण ही की सूर्यापासून निघालेल्या सीएमईच्या पोटात चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला वळलेलं आहे, हे दुरून भरवशाने सांगता येत नाही. ते मोजायला यान प्रत्यक्ष त्या प्रवाहात असावं लागतं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे 15 लाख किलोमीटरवर एल-1 नावाचा बिंदू आहे. अमेरिकेचं एस, भारताचं आदित्य-एल1 अशी यानं तिथूनच पाहत असतात. आदित्य 6 जानेवारी 2024 रोजी तिथे पोचलं. सौर वारा सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने वाहत असेल तर या बिंदूपासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला तासभर लागतो, आणि 800 किलोमीटर वेग असेल तर जेमतेम अर्धा तास. म्हणजे खात्रीची खबर आपल्याला शेवटच्या तासाभरातच मिळते. दोन दिवस आधी जे सांगितलं जातं ते ‘वादळ येण्याची शक्यता’, ‘अरोरा दिसणार’ असं नव्हे. सीएमई कधी पोचणार याच्या अंदाजातसुद्धा काही तास इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे.

जी-5, केपी, एक्स-वर्ग... हे आकडे कसे वाचायचे?

एक्स, एम, सी ही अक्षरं ज्वालांसाठी आहेत. प्रत्येक वर्ग खालच्या वर्गाच्या दसपट तीव्र. एम-1 पेक्षा एक्स-1 दहापट, आणि एक्स-2 ही एक्स-1 च्या दुप्पट. जी-1 ते जी-5 ही श्रेणी भूचुंबकीय वादळासाठी आहे. केपी हा 0 ते 9 असा निर्देशांक असून तो जगभरच्या ठरावीक वेधशाळांच्या नोंदींवरून दर तीन तासांसाठी काढतात. केपी 5 म्हणजे जी-1 आणि केपी 9 म्हणजे जी-5. अरोरासाठी यातली ज्वालांची अक्षरं बाजूला ठेवा आणि केपी पाहा. तोही तीन तासांचा हिशेब असतो, त्यामुळे या क्षणाला काय चाललंय ते बीझेड जास्त चांगलं सांगतो.

अरोराचे रंग कुठून येतात?

आधी एक गैरसमज दूर करू या. सूर्याचे कण थेट ध्रुवांवर कोसळतात आणि प्रकाश पडतो, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. खरी वाट वळणाची आहे. सौर वाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला लांब शेपटीसारखं ताणलं जातं. त्या शेपटीत ऊर्जा साठत जाते, ताण असह्य झाला की तिथल्या रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून वेगाने खाली, वातावरणाकडे येतात. शांत पडलेला हिरवा पट्टा बघता बघता पडद्यासारखा सळसळू लागतो तो याच क्षणी.

हे इलेक्ट्रॉन वातावरणातल्या अणू-रेणूंना धडकून त्यांना उत्तेजित करतात, आणि ते अणू-रेणू शांत होताना प्रकाश सोडतात. नेहमीचा हिरवा रंग ऑक्सिजनचा. तो साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवरून येतो आणि त्याची तरंगलांबी 557.7 नॅनोमीटर असते. लाल रंगही ऑक्सिजनचाच, 630 नॅनोमीटरचा, पण तो 200 किलोमीटरच्या वरून येतो. एकच अणू दोन उंचीवर दोन रंग का देतो? कारण लाल प्रकाश सोडण्यासाठी उत्तेजित अणूला जवळपास दोन मिनिटं निवांत राहावं लागतं, हिरव्यासाठी सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. खालच्या दाट हवेत दोन मिनिटांत दुसरा कोणी अणू-रेणू येऊन धडकतोच आणि ती ऊर्जा प्रकाश न होताच संपते. वर हवा इतकी विरळ असते की अणूला तेवढी उसंत मिळते. पडद्याच्या खालच्या काठाला कधी कधी जांभळी-गुलाबी किनार दिसते, ती नायट्रोजनची.

मग ध्रुवापासून दूर राहणाऱ्यांना अरोरा दिसूच शकत नाही का?

दिसू शकतो, पण क्वचित, आणि छायाचित्रांत पाहिलेल्या हिरव्या पडद्यासारखा नव्हे.

अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा पसरलेला असतो. शांत काळात हे कडं साधारण 65 ते 70 अंश चुंबकीय अक्षांशांवर असतं. वादळ तीव्र झालं की ते फुगतं आणि विषुववृत्ताकडे सरकतं. इथे नकाशावरचे अक्षांश उपयोगी नाहीत, चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेले चुंबकीय अक्षांश बघावे लागतात. उत्तर भूचुंबकीय ध्रुव उत्तर अमेरिकेकडे कललेला असल्यामुळे त्याच भौगोलिक अक्षांशावर अमेरिकेत अरोरा दिसण्याची शक्यता आशियापेक्षा बरीच जास्त असते.

दुसरा मुद्दा भूमितीचा. 110 किलोमीटर उंचीवरचा हिरवा प्रकाश पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे 1,200 किलोमीटरपलीकडून दिसत नाही. पण 400 किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश सुमारे 2,200 किलोमीटरवरूनही क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. म्हणून कमी अक्षांशांवर अरोरा दिसतो तो उत्तर क्षितिजावर पसरलेल्या लालसर उजेडाच्या रूपात, दूर कुठे वणवा पेटला असावा तसा.

10 मे 2024 च्या रात्री आलेलं वादळ जी-5 श्रेणीचं होतं. 2003 नंतर प्रथमच ही श्रेणी गाठली गेली. 3664 क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागून एक सीएमई निघाल्या आणि मागच्यांनी पुढच्यांना गाठलं. त्या रात्री मेक्सिकोपर्यंत अरोरा दिसला, आणि लडाखमधल्या हानले इथे, सुमारे 33 अंश उत्तर अक्षांशावर, कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लाल उजेड टिपला. सुमारे साडेचार हजार मीटर उंची, कोरडी हवा आणि गडद काळोख ही हानलेची मोठी जमेची बाजू. त्याआधी 2023 मध्येही तिथल्या कॅमेऱ्यांत असा लाल प्रकाश उमटला होता. अशा लाल पट्ट्यांपैकी काही काटेकोर अर्थाने अरोरा नसतात. वादळात पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाची, म्हणजे पृथ्वीला वेढणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या कड्याची, उष्णता खाली झिरपून ते तयार होतात आणि न हलता तासन्तास तसेच राहतात.

‘आज रात्री सगळीकडून अरोरा दिसणार’ अशा संदेशांचा मला मनापासून राग येतो. लोक लहान मुलांना उठवून गच्चीवर नेतात, काहीच दिसत नाही, आणि पुढच्या वेळी खरी संधी आली तरी ते आकाशाकडे बघत नाहीत.

फोटोत इतका झगझगीत आणि डोळ्यांना मात्र राखाडी, हे कसं?

अंधारात आपल्या डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात, आणि त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे मंद अरोरा पांढुरक्या ढगासारखा दिसतो. लाल रंगाला तर या पेशी फारच कमी दाद देतात. कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवून ठेवतो. प्रखर अरोराचा हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनाही स्वच्छ दिसतो, आणि त्याची हालचाल कोणत्याही स्थिर फोटोत मावत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्या, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्या.

फोटो कसा काढायचा?

कॅमेरा तिपाईवर हवाच. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर पक्का करा. भिंग पूर्ण उघडं ठेवा, आयएसओ 800 ते 3200, एक्स्पोजर 3 ते 15 सेकंद. अरोरा वेगाने हलत असेल तर वेळ कमी करा, नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसल्या जातात. मोबाइलचा नाइट मोडही चालतो, फक्त तो कशाला तरी टेकवून ठेवा.

अरोरा पाहायला जायचंच असेल तर कुठे आणि कधी?

अरोराच्या कड्याच्या खाली जा, म्हणजे मोठ्या वादळाची वाट पाहावी लागत नाही. नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं अबिस्को, फिनलंडचा उत्तर भाग, आइसलँड, कॅनडातलं यलोनाइफ, अलास्कातलं फेअरबँक्स ही नावाजलेली ठिकाणं आहेत. दक्षिण गोलार्धात कड्याचा बहुतेक भाग समुद्रावर आणि अंटार्क्टिकावर येतो, त्यामुळे टास्मानिया आणि न्यूझीलंडचं दक्षिण टोक यांवर भिस्त ठेवावी लागते. तिथे अरोरा बहुधा दक्षिण क्षितिजावरच दिसतो.

उत्तरेत सप्टेंबर ते मार्च हा काळ योग्य. उन्हाळ्यात तिथे रात्री अंधारच पडत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास भूचुंबकीय वादळं जास्त होतात. त्या काळात पृथ्वीचा कल असा असतो की सौर वाऱ्यातल्या क्षेत्राला दक्षिणेकडचा घटक सहज मिळतो. पुन्हा दिशाच! रात्री दहा ते दोन ही वेळ साधारणपणे चांगली, पण अरोरा घड्याळ बघून येत नाही.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: केपीपेक्षा ढग जास्त महत्त्वाचे. कड्याखालच्या गावात केपी 2 असतानाही सुंदर अरोरा दिसतो, आणि केपी 7 असताना वर ढगांचं छत असेल तर काहीच दिसत नाही. एका रात्रीसाठी जाऊ नका, चार-पाच रात्री हाताशी ठेवा. पौर्णिमा टाळता आली तर उत्तम, नाही आली तरी प्रखर अरोरा चांदण्यातही दिसतो.

अंदाज कुठे पाहायचा?

अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अवकाश हवामान केंद्राचं संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे. तिथला तीन दिवसांचा अंदाज चाहूल घेण्यासाठी, आणि अरोराच्या कड्याचा तासा-अर्ध्या तासापुढचा नकाशा प्रत्यक्ष बाहेर पडण्यासाठी वापरा. सौर वाऱ्याच्या आलेखात बीझेड उणे 10 नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) खाली जाऊन तिथेच टिकला आणि वेग 500-600 किलोमीटरच्या वर असला, तर कड्याच्या जवळपास राहणाऱ्यांनी लगेच बाहेर पडावं. ध्रुवापासून फार दूर असाल तर याहून कितीतरी खोल आणि कित्येक तास टिकणारी घसरण लागते.

सौरचक्राचा कळस होऊन गेला, म्हणजे संधी संपली का?

मुळीच नाही. डागांची संख्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राने वाढते-घटते. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं, आणि सूर्य कळसाच्या काळात पोचल्याचं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालं. पण मोठी वादळं उताराच्या काळातही येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2003 ची प्रसिद्ध वादळं त्या चक्राच्या कळसानंतर दोन वर्षांनी आली होती. शिवाय उताराच्या काळात सूर्याच्या प्रभामंडळात मोठी विवरं पडतात आणि त्यांतून वेगवान सौर वारा वाहतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने तेच विवर साधारण 27 दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. त्यामुळे ध्रुवीय प्रदेशात जाणाऱ्यांना महिनाभर आधी थोडा अंदाज बांधता येतो, सीएमईच्या बाबतीत ती सोय नाही.

इतिहासातलं सर्वांत मोठं वादळ कोणतं?

उपकरणांनी नोंदलेल्या वादळांत 1859 चं. 1 सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांची चित्रं काढत होते, आणि त्यांच्यासमोर एका डागसमूहात पांढरा लखलखाट झाला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास वादळ पृथ्वीवर पोचलं. क्युबा आणि हवाईपर्यंत अरोरा दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत उतरलेल्या अरोराच्या प्रवाहावरच काही काळ संदेश पाठवले.

या वादळाची सर्वांत मोलाची चुंबकीय नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. तिथे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याचं निरीक्षकांनी लिहून ठेवलं, आणि जवळपास दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्याच वह्यांवरून वादळाची तीव्रता जोखली. एका ठिकाणची नोंद आणि आजची अनेक केंद्रांची सरासरी यांची थेट तुलना जपून करावी लागते, पण अंदाजासाठी सांगायचं तर 1989 च्या वादळातली अशी सरासरी घसरण 589 नॅनोटेस्ला होती.

याहून फार मोठ्या घटनेची खूण झाडांच्या वाढवलयांत सापडली आहे. इसवी सन 774-775 च्या वलयांत कार्बन-14 अचानक वाढल्याचं जपानच्या फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं. त्यामागे सूर्यावरून आलेला कणांचा महापूर असावा, असं बहुतेक संशोधक मानतात.

मोबाइल जळतील का? वीज जाईल का?

मोबाइल जळत नाहीत. वादळाने जमिनीत निर्माण होणारा विद्युतदाब लांबच लांब वाहकांमध्ये साठत जातो, खिशातल्या यंत्रात त्याला तेवढी लांबी मिळत नाही. धोका असतो तो शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्यांना. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं सुमारे दीड मिनिटात कोसळलं आणि 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. त्यानंतर वीज कंपन्यांनी बरीच खबरदारी घेतली.

उपग्रहांची गोष्ट वेगळी. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना ते खेचू लागतं. फेब्रुवारी 2022 मध्ये नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळपास 40 असेच गमावले गेले, आणि तेही अगदी किरकोळ वादळात. जीपीएसची अचूकताही ढळते: मे 2024 मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहांच्या मार्गदर्शनावर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. ज्वालेमुळे दिवसाच्या बाजूला लघुलहरी रेडिओ काही काळ बंद पडतो, तो त्रास जहाजांना आणि विमानांना होतो.

तब्येतीवर परिणाम होतो का?

जमिनीवर असणाऱ्यांना नाही, आपल्या डोक्यावर वातावरणाची जाड ढाल आहे. ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांचे मार्ग कधी कधी बदलतात. खरी काळजी पृथ्वीच्या कवचाबाहेर जाणाऱ्या अंतराळवीरांची. ऑगस्ट 1972 मधला कणांचा भडिमार अपोलो 16 आणि अपोलो 17 या मोहिमांच्या मधल्या काळात आला, चंद्रावर तेव्हा कोणी नव्हतं.

इतर ग्रहांवर अरोरा असतो का?

गुरू आणि शनीवर जोरदार. मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, तरी मार्च 2024 मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीने मंगळाच्या पृष्ठभागावरून हिरवा अरोरा टिपला. तो मंद होता, पण दृश्य प्रकाशातला होता.

क्षितिजावर लालसर काही दिसलं, तर ते अरोराच आहे हे कसं ओळखायचं?

आधी शहराच्या दिव्यांचा उजेड, ढगांवरचं प्रतिबिंब आणि उगवता चंद्र हे वगळा. उजेडातून तारे स्वच्छ दिसत असतील तर तो ढग नाही. उत्तर गोलार्धात कमी अक्षांशावर असाल तर तो उत्तरेलाच असायला हवा. दोन फोटो पाच मिनिटांच्या अंतराने काढा, आणि त्या वेळचा केपी पाहा. केपी 8-9 नसेल तर फार आशा धरू नका.

मग वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि रंग लिहून ठेवा, फोटो चांगला आला नसला तरी. 1204 साली क्योटोमध्ये फुजिवारा नो तेइका या कवीने उत्तरेच्या आकाशातला लाल उजेड आपल्या रोजनिशीत टिपला होता. तो काय पाहतोय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याला भीतीही वाटली होती. पण तारीख आणि दिशा त्याने नीट लिहिली, म्हणून आठशे वर्षांनी त्या रात्रीच्या वादळाचा माग काढता आला.